कवीच्या नावावर कोण येणार?

गेल्या आठवड्यात आपल्या पुण्यातल्याच एका नाट्यगृहात जुन्या मराठी गाण्यांचा कार्यक्रम ऐकून आलो. एकोणीस गाणी झाली. निवेदिकाबाईंनी गायकांच्या आठवणी सांगितल्या, संगीतकारांचे किस्से सांगितले, प्रायोजकांचं नाव पाच वेळा घेतलं. कवीचं नाव तीनदा. हो, मोजलं मी. रिकामटेकडा आहे म्हणा हवं तर. मध्यंतरात आयोजकांना गाठलं तर म्हणाले, "काका, लोक गायकाच्या नावावर तिकीट काढतात. कवीच्या नावावर कोण येणार?"

तेव्हापासून हे डोक्यात आहे.

2011 साली बार्ब्रा स्ट्रायसँड या अमेरिकन गायिकेनं 'व्हॉट मॅटर्स मोस्ट' नावाचा अल्बम काढला. वय 69. मिळवायचं काही शिल्लक नव्हतं. पण अल्बमच्या नावातच तिनं अॅलन आणि मॅरिलिन बर्गमन यांना बसवलं: मी यांचे शब्द गातेय. बर्गमन म्हणजे नवरा-बायको, आयुष्यभर जोडीनं गीतं लिहिणारे, तीन ऑस्कर मिळवलेले. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. त्यातल्या दहा गाण्यांपैकी एकही तिनं आधी रेकॉर्ड केलेलं नव्हतं. याच जोडप्याच्या शब्दांवर 'द वे वुई वर' तिनं जगभर गाजवलेलं होतं, तेच पुन्हा गायलं असतं तरी खप झालाच असता. जुनी गाणी ज्यांना हवीत त्यांना वेगळ्या दुसऱ्या सीडीत दिली. मुख्य अल्बम नव्यानं शिकलेल्या गाण्यांचा!

आपल्याकडची आदरांजली म्हणजे काय? तीच पंधरा-वीस गाणी, तेच कोरस, तोच वन्समोअर.

"तिकडचं कौतुक नको" असं म्हणणारे येतीलच. मग इकडचं ऐका. कुमार गंधर्वांनी 'तांबे गीतरजनी' केली, भा. रा. तांब्यांचं नाव कार्यक्रमाच्या नावात घालून. कुमारांना काय स्वतःच्या नावावर श्रोते मिळत नव्हते? आणि गीतरामायण तर आपल्याच आकाशवाणीवर, 1 एप्रिल 1955 पासून. गदिमांनी वर्षभर आठवड्यागणिक लिहिलेली 56 गीतं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे कितीतरी आवाज त्यात होते. पुढे बाबूजींनी ते एकट्यानं गावोगावी गायलं, गदिमांचे शब्द असे उच्चारले की एक अक्षर वाया गेलं नाही. म्हणजे कवीच्या नावावर लोक आले होते की! आज मात्र फ्लेक्सवर गाणाऱ्याचा फोटो आणि खाली बारीक टायपात गदिमा. तेही असले तर.

रेडिओवर अजून गीत, संगीत, स्वर अशी तिन्ही नावं सांगतात. मोबाइलवर गाणं लावा, गायकाचा फोटो दिसतो. कवी शोधायला तीन ठिकाणी बोट लावावं लागतं, तरी सापडेलच असं नाही.

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. नाव नोंदलेलं नसेल तर पैसे कुणाला पाठवणार? 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येणार नाही, असं त्यात आलं. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले. आणि त्या बर्गमनबाई? 1994 पासून पंधरा वर्षं अमेरिकेतल्या गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टी संस्थेच्या प्रमुख होत्या, त्या पदावरची पहिली बाई. शब्दांची किंमत त्यांना वहीतही कळत होती आणि हिशेबातही. आमच्या कवींना हिशेब विचारायची लाज वाटते आणि आम्ही त्या लाजेला 'साधेपणा' म्हणून हार घालतो.

आता ज्येष्ठ गायकांना थेट विनंती. जोडपंच हवं असेल तर आपल्याकडे आहे. ना. मा. संत आणि इंदिरा संत. 1940 साली दोघांचा मिळून 'सहवास' हा संग्रह आला. 1946 ला ना. मा. गेले. त्यानंतर बेळगावात राहून इंदिराबाई अर्धशतकभर लिहीत राहिल्या. 1992 च्या कोल्हापूर संमेलनाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आपण मराठी लोकांनी त्यांना पाडलं, ते वेगळंच. दोघांच्या मिळून दहा कविता निवडा, आजवर न गायलेल्या. चाली नव्या करून घ्या. कव्हरवर त्यांची नावं तुमच्या नावाएवढ्याच टायपात छापा.

"गायकाशिवाय कविता पोचत नाही" हे मला मान्य आहे. म्हणूनच तर तुम्हाला सांगतोय. नवोदितानं हे केलं तर पैसे बुडतील, हॉल रिकामा राहील. तुमचा हॉल भरतो. तो भरतो म्हणूनच तुम्ही हे करायला हवं.

आयोजकांना एवढंच: पुढच्या कार्यक्रमाची यादी पाठवा. प्रत्येक गाण्यापुढे कवीचं नाव मी फुकट लिहून देतो. निवेदिकाबाईंनी फक्त वाचायचं.