नंबर आपोआप, अक्कल गहाण

इलेक्ट्रिकल डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं सर्वांत घातक बटण कोणतं, असं कुणी विचारलं तर मी बेधडक सांगेन: सगळ्या वायरींना नव्याने नंबर देणारं. एक क्लिक, की पानोपानी आकडे बसतात. डिझायनर चहाला मोकळा. तिकडे शॉपफ्लोअरवर जुन्या नंबरांचे फेरूल घालून अर्धं पॅनेल वायर झालेलं असतं, याचं त्याला सोयरसुतक नाही.

दोष सॉफ्टवेअरचा नाही. त्याला सांगाल ते ते करतं. आमची मंडळी काही सांगतच नाहीत. ऑटोकॅड इलेक्ट्रिकल उघडायचं, 1, 2, 3 असा क्रम लावून द्यायचा आणि त्यालाच ‘आमचं स्टँडर्ड’ म्हणायचं. मग 40व्या वायरीत इमर्जन्सी स्टॉपचा एक कॉन्टॅक्ट शिरतो, सरसकट नंबर पुन्हा दिले जातात आणि पुढचं सगळं एकाने सरकतं. ‘फक्त नंबर नसलेल्या वायरींना द्या’ हा पर्याय त्याच खिडकीत असतो. मंजूर नंबर फिक्स करायची सोयही असते. वापरतो कोण?

निर्णय पहिली रेघ मारण्याआधी घ्यायचा असतो. पान आणि ओळ धरून नंबर बांधा: 12व्या पानावरची 05 ही ओळ, म्हणून वायर 1205, त्याच ओळीत दुसरी निघाली तर 1205ए. रात्रपाळीचा मेंटेनन्सवाला फेरूल वाचून थेट ते पान उघडेल. नुसता 347 त्याला कुठे नेणार? कॉन्टॅक्ट ओलांडला की नंबर बदलतो, साध्या टर्मिनलवर तोच राहतो. 24 व्होल्टची लाइन दुसऱ्या पानावर नेताना सोर्स आणि डेस्टिनेशनचे बाण जोडले नाहीत, तर एकाच लाइनला दोन नंबर पडतात. पॉवरच्या आर-वाय-बीला असे आकडे नको असतील, तर तो वायर टाइपच नंबरिंगमधून वगळा. हे सगळं मशीन करेल. ठरवायचं मात्र माणसाने.

आयईसी 60204-1 सांगतं की प्रत्येक कंडक्टर त्याच्या प्रत्येक टोकाशी कागदपत्रांप्रमाणे ओळखता आला पाहिजे. म्हणजे ड्रॉइंग आणि फेरूल यांनी एकच बोलायचं. पण मॅनेजर विचारतो, “सॉफ्टवेअर ऑटोमॅटिक आहे, मग सेटिंगला दिवस कशाला?” साहेब, तुम्ही वाचवलेला तो दिवस कमिशनिंगवाला मल्टिमीटर घेऊन कंटिन्युइटी तपासत व्याजासकट फेडतो.

फेरूल बदलायचा म्हणजे स्क्रू सैल करा, लग कापा, नवा नंबर घाला, पुन्हा क्रिंप करा. माझा नियम सोपा आहे: फेरूल छापायला गेले की ते बटण फक्त त्यानेच दाबावं, जो हे काम दोन्ही टोकांना स्वतःच्या हाताने करणार आहे. बघू, किती जण माउसला हात लावतात.