१८८५ चा कायदा गेला, त्याचे शब्द मात्र राहिले

१/ डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने दूरसंचार कायदा संमत केला, तेव्हा वसाहतकाळाचे आणखी एक जोखड उतरल्याचा गजर झाला. १८८५ चा तार कायदा आता इतिहासजमा. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने कायद्याचे नाव पाहून थांबू नये, कलम वाचावे. म्हणून हा धागा.

२/ आरंभ लंडनपासून. ज्याच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद पुढे सावरकरांनी केला, तो जोसेफ मॅझिनी १८४४ मध्ये तिथे आश्रयाला होता. आपली पत्रे कोणी उघडते, हा संशय पडताळण्यासाठी पाकिटात खसखशीचे आणि वाळूचे कण घातले गेले. पत्र पोहोचले, कण पोहोचले नाहीत.

३/ पत्रे उघडण्याचा आदेश गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांचा होता. एका परकीय निर्वासिताच्या टपालावरून पार्लमेंटमध्ये वादळ उठले आणि दोन्ही सभागृहांनी चौकशी समित्या नेमल्या. अधिकार रद्द झाला नाही. पण तो वापरणाऱ्याला जाब द्यावा लागला.

४/ आता मुंबई. १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेने हे शहर लंडनशी जोडले गेले. व्यापाऱ्याचा कापसाचा भाव, घरची निधनवार्ता आणि सरकारचा गुप्त हुकूम एकाच तारेवरून धावू लागले. तार सर्वांची झाली. तिच्यावरची मक्तेदारी मात्र सरकारने १८८५ च्या कायद्याने स्वतःकडे ठेवली.

५/ त्याच कायद्याचे कलम ५ : ‘सार्वजनिक आणीबाणी’ उद्भवल्यास किंवा ‘सार्वजनिक सुरक्षिततेसाठी’ सरकारने संदेश अडवावा, वाचावा. या दोन्ही संज्ञांची व्याख्या कायद्यात नव्हती. आणि जाब विचारणारे निवडून आलेले सभागृह या देशात नव्हते.

६/ १८९८ चा टपाल कायदा तर आणखी निर्भीड. आणीबाणी खरोखर आहे का, अशी शंका आल्यास सरकारचे प्रमाणपत्र हाच निर्णायक पुरावा! आरोप करणारा, साक्ष देणारा आणि निवाडा करणारा एकच.

७/ १९४७ मध्ये ध्वज बदलला, कलमे राहिली. १९८६ मध्ये स्वतंत्र भारताच्या संसदेने टपाल उघडण्याचे अधिकार वाढवणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर ना स्वाक्षरी केली, ना ते परत पाठवले. पुढे ते मागे घेतले गेले. त्या दोन सभागृहांनी जे अडवले नाही, ते एका न केलेल्या स्वाक्षरीने अडवले.

८/ १९९६ मध्ये पीयूसीएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी चोरून ऐकण्यावर बंधने घातली : आदेश गृहसचिवांचा, मुदत दोन महिन्यांची, नंतर समितीकडून फेरतपासणी. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी मात्र आवश्यक ठरली नाही, कारण कायद्यात तशी तरतूद नव्हती. म्हणजे सचिवाने आदेश द्यायचा आणि सचिवांनीच तो तपासायचा.

९/ ही बंधने तरी पाळली जातात का? २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणातील असे तीन आदेश रद्द केले. ना आणीबाणी होती, ना सार्वजनिक सुरक्षिततेला धोका. पण त्या नागरिकाला हे कळले, ते त्याच्यावर खटला झाला म्हणून. ज्यांच्यावर खटलाच होत नाही, त्यांना कोण सांगणार?

१०/ आणि २०२३ च्या कायद्याचे कलम २०? ‘सार्वजनिक आणीबाणी’, ‘सार्वजनिक सुरक्षितता’. तेच शब्द! ‘संदेश’ या संज्ञेत आता मजकूर, चित्र, ध्वनी, चित्रफीत, विदा सारे आले. कक्षा एकविसाव्या शतकाची, कुलूप एकोणिसाव्या शतकाचे, आणि किल्ली त्याच खिशात.

११/ ‘मग दहशतवाद्यांना मोकळे सोडायचे का?’ प्रश्न रास्त आहे. २६/११ च्या रात्री हल्लेखोर आणि त्यांचे सूत्रधार यांची संभाषणे ऐकली गेली, ती ऐकायलाच हवी होती. पाळतीचा अधिकार नसावा, असे कोणी शहाणा म्हणत नाही. वाद एवढाच आहे की आदेशावर दुसरी स्वाक्षरी कोणाची?

१२/ ज्या ब्रिटनने आपल्याला हे कलम दिले, त्याने २०१६ च्या कायद्याने स्वतःसाठी नियम बदलला. तिथे मंत्र्याने संभाषण ऐकण्याचा आदेश काढला, तरी न्यायिक आयुक्ताच्या संमतीवाचून तो अमलात येत नाही. तातडीच्या प्रसंगी संमती नंतर, पण घ्यावीच लागते. ती व्यवस्थाही निर्दोष नाही. तरीही मालकाने जे सुधारले, ते आपण वारसा म्हणून जपतो आहोत.

१३/ ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ म्हणणाऱ्या मित्रहो, मॅझिनीच्या पाकिटात निदान खसखस घालता येत होती. आपल्या संदेशात काय घालणार? वसाहतवाद संपला, हे कायद्याचे नाव बदलून सिद्ध होत नाही. ज्या दिवशी सरकारला आपले पत्र उघडण्यापूर्वी सरकारबाहेरच्या कोणाला तरी कारण सांगावे लागेल, त्या दिवशी १८८५ साल खऱ्या अर्थाने संपेल.