मैदान मोकळेच हवे

दादरचे शिवाजी पार्क २०२५ साली शंभर वर्षांचे झाले. १९२५ मध्ये ‘माहीम पार्क’ म्हणून खुल्या झालेल्या या मैदानास १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने शिवरायांचे नाव मिळाले. सुमारे २८ एकरांच्या या जागेत क्रिकेटचा सराव चालतो, समर्थ व्यायाम मंदिरात मुले मल्लखांब शिकतात, बंगाली मंडळींचा दुर्गोत्सव भरतो, कट्ट्यावर गप्पांचे फड रंगतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे येथेच गरजले.

चाळीतल्या एका खोलीत संसार करणाऱ्या श्रमिकाला अंगण नसते. हे मैदान हेच त्याचे अंगण, तालीम आणि रंगमंच. आणि तेथे शिरण्यास तिकीट लागत नाही. या मैदानाचे मोल त्याच्या मोकळेपणात आहे. नवा चौथरा, नवे कुंपण, भाड्याने दिलेला मांडव कितीही थोर नावाने उभा राहो, तो हा मोकळेपणा कुरतडतोच.

२०१० साली उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरविला आणि रहिवाशांच्या कानांना दिलासा मिळाला. मैदानाची जमीन राखण्याचे काम मात्र न्यायालयावर सोपवून भागणार नाही. जे रोज तेथे खेळतात, गातात, बसतात, त्यांनीच संघटित होऊन ते केले पाहिजे.