दोन बोटांची नावेबाजू
(बी. कॉम. भाग २)

आमच्या वर्गात 'हेवी मेटल' हा शब्द उच्चारला की दोन पक्ष पडतात. एक पक्ष कानांत बोटे घालतो आणि म्हणतो, हा निव्वळ गोंगाट. दुसरा पक्ष भक्तिभावाने मान डोलावतो आणि म्हणतो, ही जिद्दीची अमर कहाणी. माझ्या मते दोन्ही पक्षांनी हिशेब अर्धवट मांडला आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला नावे आणि जमा अशा दोन्ही बाजू लिहिल्याखेरीज चैन पडत नाही. म्हणून या संगीतप्रकारातील पहिली तबकडी जिला बहुतेक जाणकार मानतात, ती 'ब्लॅक सॅबथ'च आज खतावणीत घेऊ.

प्रथम जमाखर्च पाहू. १९६९ साली चार तरुण लंडनच्या रीजंट साउंड या ध्वनिमुद्रणगृहात गेले आणि एका दिवसात, सुमारे बारा तासांत, सगळी गाणी वाजवून मोकळे झाले. खर्च सहाशे पौंडांच्या आसपास सांगितला जातो. पैसा नाही म्हणजे वेळ नाही, आणि वेळ नाही म्हणजे चूक दुरुस्त करण्याची चैन नाही. रोज रात्री क्लबांत वाजवीत तशीच गाणी त्यांनी एकत्र उभे राहून वाजविली. पावसाचा आवाज, मेघगर्जना आणि घंटेचे टोल मागाहून जोडले गेले. निर्माता होता रॉजर बेन, तंत्रज्ञ टॉम अॅलम. १३ फेब्रुवारी १९७० रोजी तबकडी ब्रिटनच्या बाजारात आली. त्या दिवशी शुक्रवार होता, आणि तेरा तारखेचा शुक्रवार तिकडे अशुभ मानतात. तरीही मालाला उठाव आला. ब्रिटनच्या खपाच्या यादीत ती आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचली, अमेरिकेत तेविसाव्या.

हे चौघे कोण? बर्मिंगहॅम शहराच्या अॅस्टन भागातील कामगारवस्तीत वाढलेली मुले. गायक ऑझी ऑस्बर्न खाटीकखान्यात काम करून आलेला. बेस गिटार वाजविणारा गीझर बटलर हिशेबखात्यात उमेदवारी केलेला, म्हणजे आमच्याच पंथाचा. पुढे बहुतेक गाण्यांचे शब्द त्यानेच लिहिले. ड्रमवर बिल वॉर्ड. आणि गिटारवर टोनी आयोमी, ज्याच्यापाशी ही खतावणी जराशी थांबली पाहिजे.

आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरी सोडून वाद्यवृंदाबरोबर दौऱ्यावर जायचे त्याने ठरविले. कामाचा शेवटचा दिवस. दुपारच्या सुट्टीत घरी आलेला मुलगा परत जाण्यास नाखूष होता. हातचे काम पुरे करून ये, असे आईने सांगितले. कारखान्यात त्या दिवशी एक कामगार गैरहजर होता. त्याच्या यंत्रावर, जे चालविण्याचे शिक्षण आयोमीला कधी मिळाले नव्हते, त्याला उभे करण्यात आले. यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके नेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच.

पुढची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. कारखान्याचा फोरमन त्याच्या घरी एक तबकडी घेऊन आला. ती जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची होती. १९२८ साली आगीत भाजून या वादकाची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली होती, तरी तो वाजवीत राहिला. ती ऐकून आयोमी उठला. भांडी घासण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली त्याने वितळविली, बोटांच्या मापाच्या टोप्या केल्या, त्या घासून गुळगुळीत केल्या आणि तार पकडता यावी म्हणून वर कातडे चिकटविले. जाड तारा बोटांना सोसवेनात, म्हणून बारीक तारा शोधल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' या तबकडीत काही गाण्यांसाठी त्याने तारा तीन अर्धस्वर खाली उतरविल्या. तारेचा ताण कमी झाला, बोटांना आराम पडला आणि आवाज अधिक खोल व जड झाला. आज जगभर या पंथाचे वादक गिटार खाली उतरवून वाजवितात. त्यांतील कित्येकांची दहाही बोटे शाबूत आहेत!

येथेच माझा दुसऱ्या पक्षाशी मतभेद आहे. 'अपघात झाला म्हणून तो मोठा झाला,' असे भाषणांतून सांगितले जाते. हे वाक्य ऐकले की माझा जीव वर-खाली होतो. आपल्या बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व घ्या. घरची भाषा कन्नड, आणि मराठी माणसाने त्यांना डोक्यावर घेतले. १९४७ नंतर क्षयरोगाने त्यांना सुमारे पाच वर्षे गाणे बंद ठेवावे लागले. एक फुफ्फुस निकामी झाले. देवासला अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली, आणि बरे झाल्यावर छोट्या छोट्या स्वरवाक्यांची स्वतःची गायकी उभी केली. म्हणून क्षयरोग गाण्याला चांगला, असे कोणी शहाणा म्हणेल काय? मग झाकण नसलेल्या यंत्राचे आभार आपण का मानावे?

आमच्या गल्लीतील एक तरुण उद्यमबागेत कामाला होता. प्रेसवर त्याच्या तर्जनीचे पेर गेले. भेटायला आलेला प्रत्येकजण म्हणे, "नशीब बलवत्तर, हात वाचला." त्याला तबकडी आणून देणारा कोणी फोरमन भेटला नाही. महिनाभराने दुसऱ्याच पोराला त्या यंत्रावर उभे केले. यंत्राचे धोकादायक भाग झाकले पाहिजेत, अशी सक्ती १९४८ च्या कारखाने अधिनियमाने केली होती. म्हणजे उपाय ठाऊक नव्हता असे नव्हे. फौंड्र्यांच्या या गावात आयोमीची गोष्ट सांगायची असेल, तर ती यंत्रावर झाकण बसविण्यापासून सुरू व्हावी. जमेच्या बाजूला जे लिहायचे ते त्याच्या प्लॅस्टिक वितळविण्याच्या, घासण्याच्या, फसण्याच्या श्रमाच्या नावावर लिहावे, आणि थोडे त्या फोरमनच्या नावावर. दोन बोटे नावेच राहतील. ती रक्कम कोणत्याही यशाने फिटत नाही.

आता पहिल्या पक्षाकडे वळू. त्याला सोबत मोठी आहे. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन नियतकालिकात लेस्टर बँग्ज या नामांकित समीक्षकाने १९७० साली ही तबकडी झोडपून काढली होती. गोंगाट म्हणणाऱ्यांनी एकच करावे. पहिले गाणे लावून पेटी जवळ घ्यावी. षड्ज, वरचा षड्ज, आणि तेथून खाली तीव्र मध्यम. एवढ्या तीन स्वरांवर ते गाणे उभे आहे. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यामधील अंतराला युरोपातील जुन्या संगीतशास्त्र्यांनी 'संगीतातला सैतान' म्हटले. आपल्याकडे याच तीव्र मध्यमावाचून यमन होत नाही, आणि यमनने संध्याकाळ पवित्र होते. मग सैतान स्वरात बसला आहे की ऐकणाऱ्याच्या सवयीत? बटलरला होल्स्ट या इंग्रज संगीतकाराची 'मंगळ' ही वाद्यरचना आवडे, आणि तिच्यातही हेच अंतर घुमते. तेव्हा त्या गाण्यामागे कारखान्याचा ठोका जसा आहे, तसा अभ्यासू कानही आहे. आवडो वा न आवडो, ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, इतकेच माझे म्हणणे.

नावलौकिक हीही मालमत्ताच, असे आम्हांला शिकवितात. त्या सहाशे पौंडांवर किती नावलौकिक जमला पाहा. तंत्रज्ञ टॉम अॅलम यानेच पुढे १९८० साली, त्याच भागातून आलेल्या जुडास प्रीस्ट या वाद्यवृंदाच्या 'ब्रिटिश स्टील' या तबकडीची निर्मिती केली. २००६ साली अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये ब्लॅक सॅबथचा समावेश झाला, तेव्हा त्यांचा गौरव करण्यास मेटालिकाचे वादक उभे राहिले; याच मेटालिकाला ऐकायला २०११ साली बंगळूरला मैदान भरले होते. बर्मिंगहॅमने २०१९ साली कालव्यावरील एका पुलाला ब्लॅक सॅबथचे नाव दिले, आणि २०२३ साली तेथील रॉयल बॅलेने त्यांच्या संगीतावर नृत्यनाट्य केले. ५ जुलै २०२५ रोजी अॅस्टनमधील व्हिला पार्क मैदानावर चौघे अखेरचे एकत्र वाजले. त्या कार्यक्रमाचे उत्पन्न रुग्णसेवेच्या संस्थांसाठी ठेवले होते. सतराच दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी ऑस्बर्न वारला.

ज्या वस्तीतील मुलांना कारखान्याखेरीज दुसरी वाट दिसत नव्हती, त्या वस्तीचे नाव आज संगीताच्या इतिहासात घेतले जाते. शहराने मात्र पुलाला नाव द्यायला एकोणपन्नास वर्षे घेतली. आमच्या उद्यमबागेतही संध्याकाळी सहानंतर हात धुऊन ढोलकी, गिटार, कीबोर्ड घेऊन बसणारी मुले आहेत. कोणी मराठीत गातो, कोणी कन्नडमध्ये. स्नेहसंमेलनाच्या वेळी महाविद्यालयाने त्यांना एक दिवस आपले सभागृह द्यावे. आणि आपण विद्यार्थ्यांनी, टाळ्या किंवा शिट्ट्या यांपैकी काय द्यायचे ते ठरविण्यापूर्वी, एक गाणे पुरे ऐकावे.