नाव ‘अटल’, आधार मात्र मुदतीचा

सप्टेंबर 2007 मध्ये बजाज ऑटोने आकुर्डीच्या कारखान्यातील उत्पादन थांबविले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील बँका कोसळल्या आणि त्याची झळ भोसरीतील लघुउद्योजकाच्या लेथपर्यंत येऊन पोहोचली. 2008च्या अखेरीस टाटा मोटर्सनेही पिंपरीचा कारखाना काही दिवस बंद ठेवला. 2019 मध्ये वाहनांची मागणी घटली, तेव्हा ‘ब्लॉक क्लोजर’ हा शब्द चाकण-भोसरीच्या घराघरांत पुन्हा ऐकू येऊ लागला. आणि त्यातून सावरण्यापूर्वीच 2020ची टाळेबंदी आली. 2008 साली पंचविशीत कामाला लागलेल्या कामगाराने चाळिशी गाठण्यापूर्वीच मंदीचे असे तीन तडाखे सोसले. त्याच्या वाट्याला शासनाचा आधार किती वेळा यावा? नियम सांगतो, आयुष्यात एकदा!

कर्मचारी राज्य विमा महामंडळाने, म्हणजे आपल्या परिचयाच्या ईएसआयने, 1 जुलै 2018 पासून ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ सुरू केली. नोकरी गेलेल्या विमाधारकास सरासरी वेतनाच्या 25 टक्के रक्कम, तीही जास्तीत जास्त 90 दिवस. 21 हजार रुपये ही ईएसआयची वेतनमर्यादा. त्या मर्यादेवरील कामगाराच्या हाती महिन्याला सव्वापाच हजार रुपये पडत. ऑगस्ट 2020 मध्ये हे प्रमाण 50 टक्के करण्यात आले आणि ते त्याच वर्षीच्या 24 मार्चपासून लागू झाले, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह होती. पण त्या वाढीलाही 31 डिसेंबरची मुदत जोडलेली होतीच. मूळ योजना दोन वर्षांसाठी, प्रायोगिक तत्त्वावर. पुढे मुदतवाढीमागून मुदतवाढ. अटलजींचे नाव दिलेल्या योजनेने अटल राहू नये, यापेक्षा मोठा विरोधाभास कोणता?

आता दुसरी बाजू पाहा. 1 जुलै 2019 पासून ईएसआयच्या वर्गणीचा एकूण दर वेतनाच्या साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणण्यात आला. मालकाचा वाटा 4.75 वरून 3.25 वर आला. कामगाराचाही वाटा घटला, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. उद्योगांना दिलासा मिळण्यास आमचा विरोध नाही. उद्योग टिकला तरच कामगार टिकतो. परंतु मालकाला मिळालेल्या सवलतीवर अखेरची तारीख नव्हती. ती केवळ कामगाराच्याच दिलाशावर का?

‘अशा भत्त्याने माणसे आळशी होतील’ हा वातानुकूलित दालनांतील आवडता आक्षेप. तेल-मशीनच्या वासात पंधरा-पंधरा वर्षे पाळ्या केलेला माणूस तीन महिन्यांच्या अर्ध्या पगारासाठी घरी बसेल, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा पहाटे चाकणच्या चौकात उभे राहून पाहावे. शिवाय हे दान नव्हे. दर महिन्याला पगारातून कापलेल्या वर्गणीवरचा हा विमा आहे.

यावर कोणी म्हणेल, 2005ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहेच. तीत दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. खरे आहे. मात्र त्यासाठी कारखाना बंद व्हावा लागतो, रीतसर कामगार कपात व्हावी लागते किंवा कायमचे अपंगत्व यावे लागते. व्यवहारात काय घडते? राजीनाम्याच्या कागदावर सही घेतली जाते. कंत्राटी कामगाराला तर ‘उद्यापासून येऊ नको’ एवढेच सांगितले जाते. कपात कागदावर उमटतच नाही आणि योजनेचे दार उघडतच नाही.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. 1972च्या दुष्काळाच्या झळांतून वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने रोजगार हमी उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि काम देता आले नाही तर बेकारभत्ता देण्याचे दायित्व शासनाने पत्करले. ग्रामीण मजुराच्या बाबतीत जे तत्त्व मान्य झाले, ते पिंपरीच्या कामगाराच्या बाबतीत अमान्य का? राज्यघटनेच्या अनुच्छेद 41 मध्ये बेकारीच्या प्रसंगी साहाय्याचा उल्लेख आहे; तेथे गाव आणि शहर असा भेद नाही.

नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. आता तीनशेपेक्षा कमी कामगारांचा कारखाना शासनाच्या पूर्वपरवानगीविना कपात करू शकतो. पूर्वी ही मर्यादा शंभर होती. मालकाने कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे पुनर्कौशल्य निधीत पंधरा दिवसांचे वेतन भरावयाचे आहे. पंधरा दिवसांत सीएनसी शिकून होते काय?

कामावरून कमी करणे सोपे केले असेल, तर कमी झालेल्याला सावरणेही तितकेच सोपे केले पाहिजे. भत्ता कायमस्वरूपी व्हावा, ‘एकदाच’ हा शब्द जावा, मंदी लांबली की मुदत आपोआप वाढावी आणि ज्याची वर्गणी जमा आहे त्या कंत्राटी कामगाराकडे कपातीचा कागद मागू नये. ईएसआय महामंडळावर मालक आणि शासन यांच्याबरोबर कामगारांचेही प्रतिनिधी बसतात. मुदतवाढीचा विषय पटलावर येतो तेव्हा त्यांनी पुढची तारीख मागू नये. तारखेचा रकानाच रद्द करावयास सांगावे.