लखपती कोण? घर की घरची बाई?

मैत्रिणींनो, दारव्ह्याच्या एका भगिनीने आपल्या खेड्यातल्या जावेबद्दल विचारलं आहे. जाऊबाई बचतगटात आहेत. गटाच्या ताईंनी त्यांचं नाव 'लखपती दीदी'च्या यादीत घातलं. गावात कौतुक झालं. पण जाऊबाई म्हणतात, "माझ्या बटव्यात महिनाअखेरीला शंभराची नोट उरत नाही. मी कुठली लखपती?" आता ही थट्टा समजायची की तक्रार, असा त्या भगिनीचा प्रश्न आहे.

मला तर दोन्ही वाटत नाही. मला तो हिशेबाचा प्रश्न वाटतो, आणि हिशेब म्हटला की आपलं सदर आलंच!

आधी सरकारचा बेत काय आहे ते पाहू. १५ ऑगस्ट २०२३ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून दोन कोटी लखपती दीदी करण्याचं जाहीर केलं. पुढे २०२४ च्या फेब्रुवारीतल्या अंतरिम अंदाजपत्रकात तो आकडा तीन कोटींवर गेला. काम केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाचं. आपल्या राज्यात ते 'उमेद' अभियानातर्फे चालतं. तशी ही कल्पना अगदीच नवी नाही. आपलं महिला आर्थिक विकास महामंडळ, ज्याला सगळे 'माविम' म्हणतात, ते १९७५ चं, आंतरराष्ट्रीय महिला वर्षातलं. आणि 'नाबार्ड'ने १९९२ साली बचतगटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली ती अवघ्या पाचशे गटांपासून. विचार साधा होता. एकट्या बाईचं पाच हजारांचं कर्ज बँकेला परवडत नाही. दहा-बारा जणी एकमेकींना जामीन राहिल्या, की तेच कर्ज परवडतं. खेड्यातली बाई कमावती झाली तर घराचं उत्पन्न वाढेल, घरांचं वाढलं तर देशाचं वाढेल, अशी ती साखळी आहे.

२८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळजवळ भारी इथे पंतप्रधानांची सभा झाली. तुमच्यापैकी कितीतरी जणी त्या मंडपात बसल्या असतील. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या साडेपाच लाख बचतगटांना ८२५ कोटींचा फिरता निधी वाटला. मी शाळेत गणित शिकवते, तेव्हा सवयीने भागाकार केला. गटाला आले पंधरा हजार. दहा जणींचा गट धरला तर एकीच्या वाट्याला दीड हजार. कोटींचा आकडा ऐकताना छाती दडपते, आणि हाती येताना एवढीशी रक्कम होते!

पण हा निधी वाटून घ्यायचा नसतोच. नावच 'फिरता' आहे. एकीने त्यातले पाच हजार शिवणयंत्रासाठी घ्यावे, दहा हप्त्यांत परत करावे, तेच पैसे दुसरीने शेळीसाठी उचलावे. व्याजही गटातच राहतं. दिवाळीला दीड-दीड हजार वाटून घेतले, की चकल्या झाल्या आणि निधी संपला. जो गट हे वेळेवर करतो त्याला बँक दार उघडते. तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला सात टक्के वार्षिक व्याज. गावात उसनवारीचा दर शेकडा तीन असतो, तो महिन्याचा. वर्षाचे छत्तीस टक्के झाले. हा फरक ज्या बाईला कळला ती गट सोडत नाही, आणि मला वाटतं या सगळ्या बेतातली खरी कमाई हीच आहे.

आता जाऊबाईंकडे वळू. सरकारी व्याख्येत लखपती दीदी म्हणजे बचतगटाची अशी सभासद, की जिच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न एक लाख किंवा त्याहून जास्त आहे. ते निदान चार हंगाम टिकावं आणि महिन्याची सरासरी दहा हजारांच्या वर असावी. (दहा हजार गुणिले बारा म्हणजे एक लाख वीस हजार होतात, पण ते असो.) शब्द नीट वाचा: कुटुंबाचं उत्पन्न! म्हणजे भाऊजींची कपाशी, तूर, मुलाची मजुरी आणि जाऊबाईंच्या चार कोंबड्या, सगळं एका टोपलीत. नाव दीदीचं, टोपली घराची. म्हणून यादीही खोटी नाही आणि रिकामा बटवाही खोटा नाही.

घर एकच असतं, मग वेगळं कशाला मोजायचं, असं काही जणी म्हणतील. माझ्या सासूबाईही म्हणतात. पण पेरणीच्या दिवसांत बघा. गटाचं कर्ज बाईच्या सहीने निघतं आणि कपाशीच्या बियाण्यात नि खतात जातं. त्यात गैर काही नाही. पुढे २०१७ सारखी गुलाबी बोंडअळी आली किंवा पाऊस रुसला, की पीक जातं. हप्ता मात्र तिच्या नावावर उभा राहतो, आणि गटातल्या बाकीच्या नऊ जणी तिच्याच दारात येतात. उत्पन्न घराचं आणि कर्ज तेवढं बाईचं, असं होऊ नये म्हणून वेगळं मोजायचं.

आणि स्वतःचं मोजतानाही विक्री आणि मिळकत यांची गल्लत होते. आमच्या गल्लीत एक वहिनी उडदाचे पापड करतात. महिन्याला चाळीस किलो, तीनशे साठ रुपये दराने. म्हणजे १४,४०० रुपये. पावसाळ्याचे चार महिने काम बंद, तरी आठ महिन्यांचे १,१५,२०० होतात. वहिनी खूश! मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो. डाळ ४,१६०, मसाला आणि तेल १,९००, दळण नि पिशव्या ७२०, लाटायला येणाऱ्या दोघींची मजुरी २,४००, ऑटो ६००. एकूण ९,७८०. हाती उरले ४,६२०. आठ महिन्यांचे ३६,९६०. त्या रोज पाच तास, महिन्याचे पंचवीस दिवस पापडांत असतात. तासाला सदतीस रुपये पडले. वहिनी जरा वेळ गप्पच बसल्या. मग म्हणाल्या, "दर वाढवते." चाळीस रुपयांनी वाढवला. एक गिऱ्हाईक तुटलं, बाकीची टिकली.

हे पाच तास कुठून येतात तेही ऐका. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. देशाच्या उत्पन्नात ही मिनिटं धरली जात नाहीत. बाईने पाच तासांचा धंदा सुरू केला म्हणून भांडी काही आपोआप घासली जात नाहीत. तिला लखपती करायचं तर पाळणाघर, नळाला वेळेवर पाणी आणि गावातच चक्की, हेही त्याच बेतात मोडायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाऊबाईंना सांगा, शाळेची साधी वही घ्या आणि चार रकाने आखा: माझी विक्री, माझा खर्च, माझे तास, माझ्या नावचं कर्ज. शेवटच्या रकान्यात कर्ज कुणासाठी काढलं आणि हप्ता कुणाच्या पैशातून गेला, तेही लिहा. भांडायला नव्हे, हप्त्याच्या आदल्या रात्री भाऊजींपुढे वही नुसती उघडी ठेवायची.

आणि शहरातल्या आपणही एक करू शकतो. गटांच्या प्रदर्शनात आपण लोणचं, कुरड्या, तुरीची डाळ घेतो आणि मोबाईलने पैसे देतो. स्टॉलवर बाई उभी असते, पण चौकोनी खुणेचा कागद मोबाईलने टिपला की पडद्यावर बहुतेक वेळा नाव येतं ते तिच्या नवऱ्याचं नाहीतर मुलाचं. ते नाव वाचा आणि सहज विचारा, "ताई, तुमचं खातं नाही का?" पापडवाल्या वहिनींचं बँकेत खातं होतंच, नुसतं पडून होतं. तो कागद बदलून मिळायला एक फेरी पुरली.