डिस्कचा वेग आणि हिशेबाचा भरवसा

मागच्या वर्षी गेवराई तालुक्यातील एक विधवा बाई आमच्या दुकानी आल्या. २०११ च्या लग्नसराईत त्यांच्या पतीने मुलीच्या कपड्यांसाठी आमच्याकडे ९ हजार रुपये आगाऊ ठेवले होते, पुढे ते लग्न मोडले आणि कापड नेलेच नाही, असे त्यांचे म्हणणे. पावती नव्हती. आमचा त्या वर्षाचा हिशेब संगणकावर होता. तो संगणक २०१४ मध्ये बंद पडला, पण बॅकअपची सीडी कपाटात होती, म्हणून आम्ही निर्धास्त. सीडी लावली. यंत्र घरघरले, थांबले आणि फाईल वाचता येत नाही असे सांगून मोकळे झाले.

पैसे आम्ही दिले. पण देताना मनात शंका आली की, बाई खरे बोलतात की नाही? एका गरीब बाईच्या सचोटीवर आम्ही मनातल्या मनात संशय घेतला, आणि तो आमच्याच हलगर्जीपणामुळे. ९ हजारांपेक्षा हे नुकसान मोठे.

ती सीडी आम्ही गिऱ्हाइकांच्या गर्दीत, सर्वांत जास्त वेगाने, ५२ एक्सवर मारली होती. केवळ वेगानेच ती बिघडली असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण कपाटावर दुपारचे ऊनही येत असे. पण वेग निवडताना आम्ही विचार केला नाही आणि मारल्यावर तपासलीही नाही, हे कबूल केले पाहिजे.

आम्ही कापडवाले, म्हणून ही गोष्ट रंगाच्या भाषेत सांगतो. एकदाच लिहिता येणाऱ्या बहुतेक सीडी आणि डीव्हीडींच्या पोटात एक पातळ रंगच असतो. लेझरचा किरण त्या रंगाला ठिकठिकाणी तापवून खुणा पाडतो आणि त्या खुणा म्हणजेच आपला हिशेब. रंगाऱ्याला विचारा, आच कमी पडली तर रंग कच्चा, जास्त झाली तर कापड गेले. डिस्कचेही तसेच. वेग जास्त तर किरणाला प्रत्येक खुणेसाठी वेळ फार थोडा मिळतो. खुणा अस्पष्ट उमटल्या तर नव्या यंत्रात डिस्क आज चालेल, पण पाच वर्षांनी जुन्या, धुळीने माखलेल्या यंत्रात अडेल.

आता वेगाचा हिशेब. सीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. डीव्हीडीचा १ एक्स त्याच्या सुमारे नऊपट, म्हणजे सुमारे १,३८५ किलोबाइट. म्हणून सीडीचा १६ आणि डीव्हीडीचा १६ एक समजू नये. ७०० मेगाबाइटची भरलेली सीडी १६ एक्सवर पाच-सहा मिनिटांत होते, ५२ वर अडीच-तीन मिनिटांत. ५२ हा आकडाही फक्त बाहेरच्या कडेला गाठला जातो, आत वेग कमीच असतो. म्हणजे सारी घाई तीन मिनिटांसाठी! तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाचा चहासुद्धा होत नाही.

यावर आमची तरुण मुले म्हणतात, मग सर्वांत कमी वेगाने मारा, जितके हळू तितके पक्के. हा सल्ला एके काळी बरोबर होता, कारण तेव्हाच्या डिस्क १, २ किंवा ४ एक्ससाठीच बनत. पुढे १६ एक्सच्या डीव्हीडी आणि ५२ एक्सच्या सीडी आल्या. त्यांचा रंग जास्त वेगाच्या किरणासाठी घडवलेला असतो, आणि कोणत्या कंपनीच्या डिस्कवर किती वेगाला किती ताकद लावायची याचे कोष्टक यंत्रात आधीच भरलेले असते. अशी डिस्क फार हळू मारली तर खुणा हमखास चांगल्या येतात असे नाही, कधी कधी उलटेच होते. मलमलीची सुई जाड कापडाला चालत नाही, तसेच हे.

शिवाय आपल्या भागात विजेचा प्रश्न. लोडशेडिंगच्या दिवसांत तासनतास वीज जाई आणि अर्धी मारलेली डिस्क फेकून द्यावी लागे. जितका वेग कमी तितका वेळ जास्त आणि वीज जाण्याची भीतीही जास्त. आजही यूपीएस नसेल तर बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवरच डिस्क मारावी.

म्हणून आमचे मत मधल्या वेगाचे आहे. ५२ एक्सची सीडी १६ ते २४ वर, १६ एक्सची डीव्हीडी ८ वर मारावी. दोन थरांची डीव्हीडी असेल तर ४ च्या वर जाऊ नये. पुसून पुन्हा लिहिता येणारी डिस्क रोजच्या कामाला ठीक, वर्षानुवर्षे ठेवायच्या हिशेबाला नको. डिस्क काठोकाठ भरू नये, कारण दोष बाहेरच्या कडेला जास्त निघतात. मारताना संगणकावर दुसरे काम करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्हेरिफाय केल्याशिवाय डिस्क डब्यात ठेवू नये. ती दुसऱ्या एखाद्या यंत्रातही उघडून पाहावी. मोजून न घेतलेला तागा आपण घेतो काय?

गेमच्या डिस्कलाही हाच नियम. आमच्या पुतण्याने संगणकावर खेळायच्या गेमच्या मूळ डिस्क विकत घेतल्या होत्या. ओरखडे पडतील म्हणून त्याने नकला केल्या, त्याही पूर्ण वेगाने. निम्म्या गेम भरताना मध्येच अडकल्या. ८ एक्सवर पुन्हा मारल्या, तेव्हा चालल्या. मात्र एक लक्षात ठेवावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, ती नष्ट किंवा खराब होण्यापासून बचावापुरती बॅकअप प्रत करता येते. नकला करून विकणे हा गुन्हा आहे, आणि आपल्या दुकानदारांनी त्या धंद्यात पडू नये.

कोणी विचारील, आता डिस्क राहिल्यात कुठे? खरे आहे. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा डिस्कचे यंत्रच नसते. घरोघरी ज्यांच्या डिस्क होत्या त्या मोझर बेअर कंपनीचे २०१८ मध्ये दिवाळे वाजले. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रे डिस्क बनवणे थांबवले. पण म्हणूनच घाई करा, आणि ही घाई योग्य जागी करा. कपाटातील जुन्या डिस्क, मग त्या हिशेबाच्या असोत, लग्नाच्या चित्रफितीच्या असोत की भरतकामाच्या डिझाइनच्या, एकेक काढून हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. जी यंत्रात अडते ती दुसऱ्या यंत्रात लावून पाहा, कारण एकाला न वाचलेली दुसऱ्याला वाचता येते. एक प्रत दुकानात, दुसरी घरी ठेवा. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो, आणि उधारीचा हिशेब तर माणूस जिवंत असेपर्यंत, किंबहुना त्यानंतरही.

जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला पूर आला आणि बीड शहरात हाहाकार उडाला. आमच्या अब्बांच्या वह्या चिखलात भिजल्या होत्या. त्यांनी त्या गच्चीवर वाळवल्या, पानन् पान सुटे केले, आणि अर्धी का होईना, उधारी वाचता आली. बॅकअपच्या फाईलचे तसे नाही. एक तुकडा बिघडला तर बहुतेक वेळा अख्खी फाईल हातची जाते. अब्बांनी शाई चांगली वापरली होती म्हणून वह्या वाचल्या. आमच्या हातात लेझर होता, तरी आम्ही तीन मिनिटे वाचवली आणि एका माणसाचा हिशेब गमावला. तुम्ही तसे करू नका.